लिटरमागे ४० ग्रॅम वायू: घरच्या बिअरमधली साखर आणि अल्कोहोल कसं मोजायचं

हायड्रोमीटरला, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या काचेच्या मोजनळीला, साखर मोजता येत नाही. अल्कोहोल तर त्याला मुळीच कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आपण ज्या द्रवात तरंगतोय तो पाण्यापेक्षा जड आहे की हलका, आणि किती. साखरेचा अंदाज, अल्कोहोलचे टक्के, बाटली भरायची की थांबायचं, हे सगळं त्या एका आकड्यावरून आपण काढतो. बिअर करणारे बहुतेकजण सूत्र पाठ करतात आणि पुढे जातात. ते सूत्र कुठून आलं हे एकदा पाहिलं तर पाठ करायची गरजच उरत नाही, शिवाय ते कुठे फसवतं हेही आपोआप कळतं. गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही.

ज्यांनी अजून बिअर केली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मोड आणून वाळवलेलं बार्ली म्हणजे मॉल्ट. ते भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की धान्यातल्या स्टार्चची साखर होते; या पायरीला मॅश म्हणतात. गाळून जे गोड पाणी मिळतं तो वर्ट. तो हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळायचा, थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं. तिचं अल्कोहोल होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मोजमाप दोनदा महत्त्वाचं: यीस्ट सोडण्याआधी आणि आंबणं संपल्यावर. पहिल्या आकड्याला ओजी म्हणतात, म्हणजे ओरिजिनल ग्रॅव्हिटी. दुसरा एफजी, फायनल ग्रॅव्हिटी.

ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता. पाणी १.०००. नेहमीच्या ताकदीच्या बिअरचा वर्ट १.०४० ते १.०६० च्या दरम्यान असतो आणि आंबून झाल्यावर १.००८ ते १.०१५ पर्यंत उतरतो. तोंडी बोलताना पुढचा एक सोडून देतात आणि नुसते 'पॉइंट' मोजतात: १.०५० म्हणजे ५० पॉइंट. या लेखात उदाहरण म्हणून एकच बिअर धरतो. सुरुवात १.०५०, शेवट १.०१०. सगळं गणित तिच्यावरच करू.

वजन कुठे गेलं?

आपला वर्ट १.०५० आहे, म्हणजे ढोबळमानाने एका लिटरचं वजन १०५० ग्रॅम. त्यात साखर आणि तिच्यासारखे विरघळलेले पदार्थ मिळून साधारण १३० ग्रॅम असतात. इथे कुणीही अडखळेल: १३० ग्रॅम माल आहे तर वजन ५० ग्रॅमच का वाढलं? कारण विरघळलेली साखरही जागा व्यापते, एका ग्रॅमला सुमारे ०.६२ मिलिलिटर. १३० ग्रॅम साखरेने ८० मिलिलिटर पाण्याची जागा घेतली. १३० आत आले, ८० बाहेर गेले, उरले ५०. बेरीज-वजाबाकी जुळली.

आता यीस्टने काम संपवलं. तोच एक लिटर १०१० ग्रॅमवर आला. ४० ग्रॅम कमी झाले. बंद डब्यातून ते गेले कुठे? डब्याला वर एअरलॉक असतो, पाण्याचा अडसर असलेली छोटी नळी, ज्यातून आतला वायू बुडबुडे काढत निघून जातो. ते ४० ग्रॅम तिथून कार्बन डायऑक्साइड होऊन गेले. थोडा वाटा तळाशी बसलेल्या यीस्टचा, पण तो आत्ता सोडून देऊ.

साखरेचं विघटन होतं तेव्हा अल्कोहोलचा एक रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू अशी जोडी तयार होते. अल्कोहोलचा रेणुभार ४६, वायूचा ४४. म्हणजे ४४ ग्रॅम वायू उडाला असेल तर मागे ४६ ग्रॅम अल्कोहोल राहिलं असणार. आपला वायू ४० ग्रॅम, म्हणून अल्कोहोल साधारण ४२ ग्रॅम. अल्कोहोल पाण्याहून हलकं, मिलिलिटरला ०.७९ ग्रॅम. ४२ ला ०.७९ ने भागलं की ५३ मिलिलिटर. हजारात ५३, म्हणजे ५.३ टक्के.

आता जगभर वापरलं जाणारं सूत्र पाहा: ओजीमधून एफजी वजा करायची आणि १३१.२५ ने गुणायचं. १.०५० वजा १.०१० म्हणजे ०.०४०, गुणिले १३१.२५ म्हणजे ५.२५ टक्के. तो १३१ नावाचा विचित्र आकडा म्हणजे आपण वर केलेला ४६ भागिले ४४ आणि भागिले ०.७९ हाच हिशोब, थोडा घासूनपुसून. (नुसता हिशोब केला तर १३२ च्या आसपास येतो.) तेव्हा 'मी अल्कोहोल मोजलं' असं म्हणताना प्रत्यक्षात आपण उडून गेलेल्या वायूचं वजन केलेलं असतं. एक पॉइंट उतरला म्हणजे लिटरमागे साधारण एक ग्रॅम वायू गेला. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे. बाटल्यांच्या भागात तेच पुन्हा लागणार आहे, आणि तिथे ते जास्त मोलाचं आहे.

हे टक्के आकारमानाचे, म्हणजे एबीव्ही. वजनाने काढले तर तीच बिअर ४.२ टक्क्यांच्या आसपास भरते. दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील तर आधी एकक तपासा. आणि जोरदार बिअरला, म्हणजे ओजी १.१०० च्या घरात असेल तेव्हा, हे साधं सूत्र खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा देतं. त्या ताकदीसाठी वेगळी, जरा लांबलचक सूत्रं आहेत आणि ऑनलाइन कॅलक्युलेटर ती वापरतात. ४-६ टक्क्यांच्या बिअरसाठी त्यांच्या मागे लागण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण हायड्रोमीटर वाचताना होणारी चूकच सूत्रातल्या फरकाहून मोठी असते.

उरलेली साखर दिसते त्याहून जास्त

५० पॉइंटांतले ४० गेले, म्हणजे ८० टक्के साखर संपली? कागदावर तसंच दिसतं, आणि यीस्टच्या पाकिटावर '७५ ते ८० टक्के अॅटेन्युएशन' (म्हणजे किती टक्के साखर संपते) असं जे छापलेलं असतं ते याच हिशोबाने. पण हा दिसणारा आकडा आहे. शेवटच्या द्रवात ५ टक्के अल्कोहोल आहे आणि ते पाण्याहून हलकं असल्यामुळे हायड्रोमीटरला खोल बुडवतं. त्यामुळे उरलेली साखर लपते. आपल्या बिअरमध्ये १.०१० या आकड्यावरून लिटरला २६ ग्रॅम माल उरला असं वाटेल. खरा उरलेला माल ४४ ग्रॅमच्या आसपास असतो. खरं अॅटेन्युएशन ६५ टक्के.

हा ताळा ताडून बघता येतो. १३० मधून ४४ गेले, यीस्टने संपवलेला माल ८६ ग्रॅम. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल बॉलिंग यांनी १९ व्या शतकात प्रयोगांतून काढलेलं प्रमाण असं: २.०६६५ ग्रॅम मालातून १ ग्रॅम अल्कोहोल, ०.९५६५ ग्रॅम वायू आणि ०.११ ग्रॅम यीस्ट. ८६ ला २.०६६५ ने भागा. उत्तर ४२ ग्रॅमला टेकतं. दोन वेगळ्या वाटांनी आपण एकाच जागी पोचलो.

त्या ४४ ग्रॅममधला बराचसा भाग डेक्स्ट्रिन असतो, म्हणजे यीस्टला न तोडता येणाऱ्या लांब साखळ्या. त्यांना फारशी गोडी नसते. त्या बिअरला अंग देतात. उष्मांक मोजणाऱ्यांनी मात्र त्या विसरू नयेत. आणि द्रवात साखर फारशी उरली नाही की एफजी १.००० च्याही खाली जाऊ शकते. बिअरमध्ये हे क्वचित, पण सफरचंदाच्या सायडरमध्ये किंवा मधाच्या मीडमध्ये ०.९९५ दिसलं तर यंत्र बिघडलं असं समजू नका.

पॉइंटांऐवजी काही लोक अंश प्लेटो वापरतात. १२ अंश प्लेटो म्हणजे १०० ग्रॅम वर्टमध्ये १२ ग्रॅम विरघळलेला माल. फ्रिट्झ प्लेटो या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून हे आलं. ग्रीक तत्त्वज्ञाचा इथे काही संबंध नाही. वाईन आणि फळांच्या रसाच्या क्षेत्रात ब्रिक्स चालतं. घरच्या कामापुरते दोन्ही सारखेच धरा, आणि एका अंशाला ४ पॉइंट हे रूपांतर पुरतं. चेक बिअरच्या बाटलीवर १० किंवा १२ अंश लिहिलेलं असतं ते वर्टचे अंश असतात, अल्कोहोलचे टक्के समजून घाबरायचं कारण नाही. १२ अंशी बिअर साधारण ५ टक्क्यांची निघते.

नळी आणि तिचं वाचन

हायड्रोमीटर म्हणजे काचेची बंद नळी. खाली वजन भरलेला फुगीर भाग, वर बारीक दांडी आणि दांडीच्या आत आकड्यांची कागदी पट्टी. द्रव जितका जड तितकी नळी वर उचलली जाते, म्हणून पट्टीवर मोठे आकडे खाली आणि लहान आकडे वर असतात. तत्त्व आर्किमिडीजचं. ब्रुअरीत हे यंत्र रुजवण्यात इंग्लंडमधल्या हल शहराचे जॉन रिचर्डसन यांचा मोठा वाटा. त्यांनी १७८४ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर जे झालं ते मजेशीर आहे. तोवर पोर्टर ही काळपट बिअर स्वस्तातल्या तपकिरी मॉल्टपासून करत. मोजायला लागल्यावर ब्रुअरना दिसलं की महाग वाटणारं फिकट मॉल्ट किलोमागे कितीतरी जास्त साखर देतं, म्हणजे हिशोबाने तेच स्वस्त पडतं. पोर्टरमध्ये फिकट मॉल्टचं प्रमाण वाढत गेलं. सरकारलाही या नळीचा उपयोग लगेच कळला. ब्रिटनमध्ये १८८० पासून बिअरवरचा कर वर्टच्या ग्रॅव्हिटीवर आकारला जाई, आणि १९९३ मध्ये तो अल्कोहोलच्या टक्क्यांवर गेला.

वाचताना उंच, अरुंद सिलिंडर घ्या. १०० ते १५० मिलिलिटर नमुना लागतो. सिलिंडर सपाट जागी ठेवा, नळी सोडताना देठाला चिमटीत धरून हलकी गिरकी द्या. गिरकीमुळे काचेला चिकटलेले बुडबुडे सुटतात आणि नळी कडेला टेकत नाही. मग डोळे द्रवाच्या पातळीला आणा. दांडीभोवती द्रव किंचित वर चढलेला दिसेल, छोट्या वाटीसारखा. त्या चढलेल्या कडेला न वाचता सपाट पृष्ठभाग दांडीला जिथे छेदतो तो आकडा घ्या. काही नळ्या वरच्या कडेला वाचण्यासाठीच आखलेल्या असतात, सोबतचा कागद फेकण्याआधी तेवढं पाहून घ्या.

आंबत असलेल्या बिअरच्या नमुन्यात वायू विरघळलेला असतो. त्याचे बारीक बुडबुडे नळीला लटकतात आणि तिला वर उचलतात. आकडा २-३ पॉइंट सहज जास्त येतो. नमुना एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात दहा-बारा वेळा उंचावरून ओतला की वायू निघून जातो. फेस बसू द्या, मग मोजा.

तापमानाचा प्रश्न याहून मोठा. नळी विशिष्ट तापमानाला आखलेली असते, बहुतेक २० अंशांना, काही जुन्या किंवा अमेरिकी नळ्या १५.६ अंशांना. पट्टीवर ते छापलेलं असतं. द्रव गरम असला की पसरतो, हलका होतो, आणि आकडा कमी येतो. २० अंशांच्या नळीला ३० अंशांच्या वर्टमध्ये अडीच पॉइंट मिळवा, ४० ला ६ आणि ६० ला तब्बल १५. दुरुस्तीची कोष्टकं आहेत, पण ४० च्या वरच्या आकड्यावर मी भरवसा ठेवणार नाही: नमुना मोजेपर्यंत थंड होत असतो, वाफ होऊन आटत असतो, आणि उकळत्या वर्टमध्ये काच तडकते ती वेगळीच. नमुन्याचं भांडं गार पाण्यात बसवा, दहा मिनिटं थांबा. त्यात नुकसान काहीच नाही.

नळी नवी आणली की दोन चाचण्या घ्या. पहिली, २० अंशांच्या डिस्टिल्ड पाण्यात १.००० येतंय का. आतली कागदी पट्टी सरकलेली असणं दुर्मिळ नाही. दोन पॉइंट जास्त दाखवत असेल तर नळीवर तसं लिहून ठेवा आणि दर वेळी वजा करा. दुसरी चाचणी फार थोडे लोक घेतात आणि ती जास्त उपयोगी आहे. १३० ग्रॅम साधी साखर अचूक तोला, पाण्यात विरघळवा आणि एकूण द्रव बरोबर एक लिटर होईपर्यंत पाणी घाला. २० अंशांना १.०५० दिसलं पाहिजे. पाण्यात बरोबर आणि साखरेच्या पाण्यात चूक, अशाही नळ्या असतात.

नमुना परत फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या डब्यात, ओतू नका. ज्या भांड्यातून तो गेला ते निर्जंतुक होतं का, हे सांगता येत नाही. चाखून बघा. आकड्याने सांगितलं नाही ते जीभ सांगते.

तयार माल्ट एक्स्ट्रॅक्टचा घट्ट पाक वापरणाऱ्यांची एक वेगळी तक्रार असते: 'पाककृतीत ओजी १.०५४ आहे, माझी १.०४१ आली.' बहुतेक वेळा द्रव बरोबर असतो, मिसळलेला नसतो. दाट वर्टवर साधं पाणी ओतलं की पाणी वर राहतं. वरून नमुना घेतला तर आकडा पडतो, खालच्या नळातून घेतला तर चढतो. खरं तर इथे मोजायचीही गरज नाही. पॉइंट गुणिले लिटर हा गुणाकार पाणी घातल्याने बदलत नाही. १८ लिटर वर्ट १.०६० चा असेल तर ६० गुणिले १८, म्हणजे १०८०. पाणी घालून २० लिटर केला तर १०८० भागिले २०, म्हणजे ५४. ओजी १.०५४. हाच हिशोब उलटा लावून उकळून किती आटवायचं तेही काढता येतं.

थेंबभर वर्टवर चालणारं यंत्र

दर वेळी १५० मिलिलिटर बिअर मोजण्यात घालवणं लहान बॅच करणाऱ्यांना परवडत नाही. त्यांचा कल रिफ्रॅक्टोमीटरकडे असतो. काचेवर दोन-तीन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून भिंगातून पाहायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतो ती रेघ ब्रिक्सचा आकडा दाखवते. साखरेच्या पाण्यात प्रकाश जास्त वळतो, त्यावर हे चालतं. थेंब काचेवर पडताच गार होतो, त्यामुळे मॅश चालू असताना, उकळताना, कधीही अंदाज घेता येतो. यीस्ट सोडण्याआधीपर्यंत हे यंत्र मला हायड्रोमीटरहून जास्त आवडतं.

यीस्ट सोडल्यावर ते खोटं बोलू लागतं. अल्कोहोलही प्रकाश वळवतं, पाण्यापेक्षा जास्त. हायड्रोमीटरमध्ये अल्कोहोल आकडा खाली ओढतं, इथे तेच अल्कोहोल आकडा वर ढकलतं. आपली १.०५० ची बिअर सुरुवातीला १२.४ ब्रिक्स दाखवेल. ती आंबून १.०१० झाली तरी भिंगात ६.४ च्या आसपास दिसतं. सरळ ४ ने गुणलं तर १.०२५! अनेकजण इथे 'आंबणं अडकलं' म्हणून जास्तीचं यीस्ट घालतात, डबा उबेत हलवतात, आणि बिअर केव्हाच तयार झालेली असते. सुरुवातीचा आणि आताचा असे दोन्ही ब्रिक्स माहीत असतील तर दुरुस्तीचं सूत्र खरी ग्रॅव्हिटी देतं. कॅलक्युलेटरमध्ये ते तयार मिळतं. तरी शेवटचा आकडा हायड्रोमीटरनेच घ्यावा असं मी म्हणेन.

एक तिसरी नळी दिसायला हायड्रोमीटरची जुळी बहीण असते: अल्कोहोलमीटर. त्यावर सरळ टक्के लिहिलेले असतात, म्हणून मोह होतो. ती फक्त अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणासाठी, म्हणजे ऊर्ध्वपातन केलेल्या दारूसाठी आहे. बिअरमध्ये उरलेला माल तिचं गणित पार बिघडवतो. ५ टक्क्यांची बिअर पाण्याहून जड असल्यामुळे त्या नळीवर शून्यही गाठत नाही.

बाटली भरायची की थांबायचं

मला विचाराल तर टक्के हा या मोजमापाचा कमी महत्त्वाचा उपयोग आहे. पाच की साडेपाच, पिणाऱ्याला कळत नाही. बाटलीला मात्र कळतं.

एक पॉइंट म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम वायू, हे वर आलं. आता ते बाटलीत घालून पाहू. २० अंशांना आंबलेल्या बिअरमध्ये सुमारे १.७ ग्रॅम वायू आधीच विरघळलेला असतो. चांगल्या फेसाला लिटरमागे ५ ग्रॅमच्या आसपास लागतो. कमी पडणारे ३.३ ग्रॅम आणण्यासाठी बाटली भरताना थोडी साखर घालतात, तिला प्रायमिंग म्हणतात. साखरेच्या साधारण निम्म्या वजनाचा वायू होतो, म्हणून लिटरला ६.५ ग्रॅम साखर. या ५ ग्रॅम वायूचा २० अंशांना बाटलीवर येणारा दाब साधारण मोटारीच्या टायरमधल्या हवेइतका असतो.

समजा एफजी १.०१० ला थांबणार होती, पण घाईने १.०१४ ला बाटल्या भरल्या. ४ पॉइंट बाकी, म्हणजे आणखी ४ ग्रॅम वायू. एकूण ९. दाब दुपटीच्याही पुढे जातो. काही बाटल्या टिकतील, काही उघडताना कारंजी होतील, आणि एखादी हातात असताना फुटेल. उन्हाळ्यात खोली तापली की दाब आणखी वाढतो, कारण गरम बिअर वायू कमी धरून ठेवते.

म्हणून एअरलॉकचे बुडबुडे बघून निर्णय घेऊ नका. झाकण नीट बसलं नसेल तर बुडबुडे पहिल्या दिवसापासून दिसणार नाहीत, आणि आंबणं संपल्यावरही खोली तापली तर विरघळलेला वायू बुडबुडे काढत राहील. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्या. दोन्ही आकडे सारखे आणि अपेक्षेच्या जवळ असतील तर भरा.

'अपेक्षेच्या जवळ' म्हणजे काय, हा खरा अवघड भाग. आकडा १.०२० ला थांबला तर दोन शक्यता. यीस्ट थंडीने किंवा अशक्तपणाने झोपलं आहे आणि साखर शिल्लक आहे. किंवा खाण्यासारखी साखर संपलीच आहे आणि उरलेत ते डेक्स्ट्रिन. मॅश ६२ ते ६५ अंशांना केला तर यीस्टला खाता येणारी साखर जास्त तयार होते, ६८ ते ७० ला केला तर कमी. लॅक्टोज (दुधातली साखर) घातलं असेल तर तेही जसंच्या तसं उरतं, कारण नेहमीचं यीस्ट ते खात नाही. नळीला या दोन स्थितींमधला फरक दिसत नाही, कारण दोन्हीकडे आकडा तोच.

तो फरक शोधायची एक जुनी युक्ती आहे. यीस्ट सोडण्याच्या दिवशी अर्धा लिटर वर्ट बाजूला काढा, त्यात गरजेच्या कितीतरी पट यीस्ट घाला, २५ ते २७ अंशांच्या उबदार जागी ठेवा आणि येता-जाता हलवत राहा. हा नमुना दोन-तीन दिवसांत तळ गाठतो. चव बिघडली तरी हरकत नाही, ती पिण्यासाठी नसते. तिथे जो आकडा येईल तो या वर्टची खालची मर्यादा. छोटा नमुना १.०११ ला थांबला आणि मोठा डबा १.०२० ला अडला असेल तर साखर नक्की शिल्लक आहे. दोन्ही १.०२० ला असतील तर बिअर तयार आहे आणि पुढच्या वेळी मॅशचं तापमान उतरवा. एकच अपवाद: डायस्टॅटिकस जातीचं यीस्ट डेक्स्ट्रिनही तोडतं, आणि ते काम आठवडेच्या आठवडे हळूहळू चालू ठेवतं. तुमचं यीस्ट त्या जातीचं असेल, किंवा तशा बिअरनंतर डबा नीट धुतला गेला नसेल, तर दोन दिवस स्थिर आकडा पुरेसा नाही.

फर्मेंटरमध्ये तरंगत ठेवायची डिजिटल यंत्रंही आता मिळतात. ग्रॅव्हिटी उतरली की त्यांचा कल बदलतो आणि कोनावरून काढलेला आकडा फोनवर येतो. वरचा चिकट फेस त्यांना लागला की कोन चुकतो, त्यामुळे नेमक्या आकड्यासाठी मी त्यांच्यावर विसंबणार नाही. पण आलेख सपाट झाला की नाही हे ती छान सांगतात, आणि बाटलीच्या प्रश्नासाठी नेमकं तेच हवं असतं.

ओजी घ्यायची राहून गेली तर

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो, आणि 'आता काही होणार नाही' हे उत्तर बरोबर नाही. तयार बिअरमधून अल्कोहोल काढून टाकायचं आणि ते नसताना नळी किती वर येते ते पाहायचं.

वायू काढून टाकलेली बिअर २५० मिलिलिटर मोजून घ्या, २० अंशांना ग्रॅव्हिटी लिहून ठेवा. मग खिडकी उघडी ठेवून, मंद आचेवर, ती निम्म्याहून थोडी कमी होईपर्यंत उकळा. अल्कोहोल पाण्याआधी निघून जातं. गार झाली की डिस्टिल्ड पाणी घालून बरोबर २५० मिलिलिटर करा आणि पुन्हा मोजा. उरलेला माल तोच, अल्कोहोलच्या जागी पाणी आलं. आपल्या उदाहरणातली बिअर १.०१० वरून १.०१७ ला येईल. पाण्यातलं ५ टक्के अल्कोहोल घनता साधारण ७ पॉइंटांनी उतरवतं, म्हणून ७ पॉइंटांचा फरक म्हणजे ५ टक्के. दर पॉइंटाला सुमारे ०.७.

त्या ०.७ मध्येच या पद्धतीची मर्यादा आहे. नेहमीच्या पद्धतीत ४० पॉइंटांतला एक चुकला तर उत्तर ०.१३ टक्क्याने हलतं. इथे ७ मधला एक चुकला की ५ चे ४.३ होतात. त्यामुळे नळी बारीक रेघांची हवी, म्हणजे १.००० ते १.०२० एवढाच पल्ला दाखवणारी, आणि दोन्ही वाचनं एकाच तापमानाला घ्यायला हवीत. बाटलीतली बिअर उघडून ही चाचणी करत असाल तर येणाऱ्या आकड्यात प्रायमिंगचं अल्कोहोलही धरलेलं असतं. लिटरला ६.५ ग्रॅम साखरेमागे ते ०.४ टक्के भरतं, आणि ओजी-एफजीच्या हिशोबात ते कधीच दिसत नाही.